पाय अडखळला तरी जनावर पडत कसं नाही? स्नायूंचे रिफ्लेक्स आधी स्वतःवर करून बघा, मग आपल्या प्राण्यात ओळखा

आमच्या मोत्याच्या नखांचा आवाज मला रात्री ऐकू आला. टक टक टक आणि मधेच एक खर्रर्र, परत टक टक, परत खर्रर्र. दिवसा घरात आवाज असतो म्हणून कधी लक्षातच आलं नव्हतं. सकाळी मागचा डावा पंजा हातात घेऊन बघितला तर मधली दोन नखं वरच्या बाजूने घासलेली, खालून नाही, वरून. म्हणजे पाय पुढे टाकताना तो पंजा जमिनीवरून फरफटत होता.

डॉक्टरांनी त्याला उभं केलं, पोटाखाली हात दिला आणि तो पंजा हळूच दुमडून वरची बाजू जमिनीला लावून सोडला. उजव्या बाजूला हेच केलं तेव्हा त्याने पंजा लगेच सरळ केला होता, डाव्या बाजूला मी मनात एक, दोन, तीन मोजलं तरी पंजा तसाच उलटा. मग त्याला कुशीवर झोपवून गुडघ्याखाली छोट्या हातोडीने टिचकी मारली, आणि तोच आजारी पाय चांगल्या पायापेक्षा जास्त जोरात उडाला. मला काही कळेना, पाय कमजोर असेल तर उडायलाच नको ना, उलट जास्त कसा उडतो?

या एका प्रश्नामुळे मी या विषयात शिरलो आणि मग इतका रमलो की आता कुठलाही प्राणी चालताना दिसला तरी थांबून बघतो. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने लिहिलंय ज्या क्रमाने मला समजत गेलं. आधी स्वतःच्या शरीरावर करून बघायचं, मग प्राण्याकडे बघायचं. उंच स्टूल किंवा टेबल, एक जाड पुस्तक, मदतीला एक माणूस आणि स्लो मोशन व्हिडिओ घेणारा मोबाईल असला की झालं.

पायरी १: गुडघ्याची टिचकी नीट करून बघा

टेबलाच्या कडेवर बसा, पाय मोकळे लटकू द्या, जमिनीला टेकता कामा नयेत. गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली बोटाने चाचपलं की एक जाड, ताणलेली दोरीसारखी पट्टी लागते, ती कंडरा. दुसऱ्या माणसाला तळहाताच्या कडेने तिथे हलकी पण झटक्यात थाप मारायला सांगा. पाय पुढे उडेल. नाही उडाला तर घाबरू नका, काही निरोगी माणसांतही तो हलकाच येतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात बाहेर ओढा आणि त्याच क्षणी थाप मारू द्या, बहुतेकांचा पाय आता नक्की उडतो. ही युक्ती डॉक्टरही वापरतात.

आत काय झालं ते बघा. थापेमुळे कंडरा किंचित दबली, तिने मांडीच्या पुढच्या स्नायूला जरासं खेचलं. त्या स्नायूच्या आत काही मिलीमीटर लांबीचे सेन्सर असतात, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळते, चातीसारखे, म्हणून त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. स्नायू ताणला की स्पिंडल ताणतो आणि सिग्नल जाड, वेगवान तंतूतून मज्जारज्जूत जातो. तिथे तो थेट त्याच स्नायूला चालवणाऱ्या चेतापेशीला भेटतो, मधे कोणीही मध्यस्थ नाही. ती पेशी स्नायूला सांगते, आकुंचन पाव. थाप पडल्यापासून स्नायूत विजेची हालचाल सुरू व्हायला माणसात साधारण २० मिलीसेकंद लागतात, आणि तुम्ही ठरवून पाय उचलायचा म्हटला तर त्याला १५० मिलीसेकंद किंवा जास्तच. म्हणजे तुम्हाला थाप कळायच्या आधीच पाय निघालेला असतो.

१८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे, एकाच नियतकालिकात या टिचकीबद्दल लिहिलं. एर्बचं म्हणणं हा रिफ्लेक्स आहे, म्हणजे मज्जारज्जूतून फिरून आपोआप येणारं उत्तर, वेस्टफालला वाटायचं की हा स्नायूवर थेट झालेला परिणाम आहे. एर्ब बरोबर ठरला.

आता हे लक्षात घ्या की निसर्गाने हा रिफ्लेक्स हातोडीसाठी बनवलेला नाही. कुत्रा उभा असताना पाठीवर एखादं मूल रेललं, गुडघा जरासा वाकला, की मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो, आणि ताणला गेला म्हणून तो आवळतो आणि गुडघा परत सरळ करायला बघतो. शेरिंग्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवलं होतं की मेंदूचा वरचा भाग तोडलेल्या मांजराचे पाय ताठ, खांबासारखे होतात, पण त्या पायाकडून मज्जारज्जूत येणारे संवेदनेचे तंतू कापले की तो ताठपणा जातो. म्हणजे उभं राहायला लागणारा ताण हा मोठ्या प्रमाणात स्नायूंकडून येणाऱ्या बातमीवरच टिकलेला असतो. पुढे १९२४ मध्ये त्याने लिडेलबरोबर ताणाचा हा रिफ्लेक्स सविस्तर मांडला आणि १९३२ चं नोबेल त्याला एड्रियनबरोबर मिळालं.

पायरी २: समोरच्या स्नायूला गप्प बसवणं

ही पायरी छोटी आहे पण गाळू नका. मांडीचा पुढचा स्नायू आवळताना मागचा स्नायूही आवळला तर पाय हलणारच नाही, दोघं एकमेकांना ओढत बसतील. म्हणून स्पिंडलचा तोच सिग्नल मज्जारज्जूत एका मधल्या चेतापेशीलाही जातो आणि ती विरुद्ध स्नायूला शांत करते. कोपर वाकवून दंड फुगवा आणि दुसऱ्या हाताने दंडाच्या मागचा भाग दाबून बघा, तो मऊ लागेल. आता मूठ घट्ट आवळून संपूर्ण हात ताठ करा, दोन्ही बाजू कडक लागतील. म्हणजे गरज पडली तर हा नियम बाजूलाही ठेवता येतो, घसरड्या फरशीवर चालताना आपण आणि आपली जनावरं नेमकं हेच करतो, पाय ताठ करून चालतो.

पायरी ३: पुस्तकाचा प्रयोग

डोळे मिटून कोपर काटकोनात वाकवा, तळहात वर, त्यावर जाड पुस्तक. आता मदतनीसाने न सांगता वरून अजून एक पुस्तक हलकेच टाकायचं. हात थोडा खाली जाईल आणि तुम्ही काही ठरवायच्या आत परत वर येईल. हे स्लो मोशनमध्ये शूट करा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, एक फ्रेम ३३ मिलीसेकंदांची, त्यामुळे रिफ्लेक्सची सुरुवात एका फ्रेममध्येच उरकून जाते, २४० फ्रेमवर एक फ्रेम साधारण ४ मिलीसेकंदांची होते आणि मग फ्रेम मोजता येतात.

इथे एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा समजली. हाताला मिळणारी मदत एका झटक्यात येत नाही, थरांनी येते. सगळ्यात आधी स्नायूचा आणि कंडरेचा स्वतःचा ताठपणा, त्याला शून्य वेळ लागतो कारण त्यात सिग्नलच नाही, रबर ओढल्यावर रबर जसं लगेच विरोध करतं तसं. मग २० ते ५० मिलीसेकंदांत मज्जारज्जूचा रिफ्लेक्स. मग ५० ते १०० च्या दरम्यान दुसरी लाट, जिच्यात मेंदूही सामील असतो आणि ही लाट जास्त शहाणी असते, तुम्हाला आधी "हात सोडून द्या" असं सांगितलं असेल तर ती कमी होते. त्यानंतर तुमची इच्छा.

प्रयोगाचा दुसरा भाग जास्त सुंदर आहे. एकच पुस्तक हातावर ठेवा, डोळे मिटा आणि मदतनीसाला ते अचानक उचलायला सांगा. हात टुणकन वर जाईल. आता तेच पुस्तक तुमच्याच दुसऱ्या हाताने उचला. हात जवळजवळ हलत नाही! कारण दुसरा हात पुस्तक उचलणार हे मेंदूला माहीत आहे आणि तो नेमक्या त्या क्षणी दंडाचा स्नायू सैल करतो. रिफ्लेक्स चूक झाल्यावर दुरुस्त करतो, हे काम चूक व्हायच्या आधीच होतं. आणि मोठ्या प्राण्यांना याची गरज फार. हत्तीच्या पायातल्या वेगवान तंतूंतून सिग्नल सेकंदाला साधारण ७० मीटर जातो. पाय दोन मीटरचा धरला तर पंजापासून मज्जारज्जूपर्यंत जायला जवळपास ३० मिलीसेकंद आणि परत यायला तेवढेच, त्यात स्नायूला जोर धरायला लागणारा वेळ वेगळा. चिचुंद्रीचा हाच प्रवास काही सेंटिमीटरचा. म्हणून हत्ती पाऊल टाकण्याआधी बघतो, सोंडेने चाचपतो, आणि मला वाटतं त्याच्या सावध चालीमागे नुसतं वजन नाही, हा उशीरही आहे.

पायरी ४: वजनाचा सेन्सर आणि सेन्सरचा ताण

स्पिंडल लांबी सांगतो. ओढ किती आहे हे सांगणारा दुसरा सेन्सर स्नायू आणि कंडरेच्या जोडावर असतो, त्याला गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाचं नाव दिलेलं आहे. बऱ्याच नोट्समध्ये लिहितात की हा सेन्सर फक्त स्नायू तुटू नये म्हणून, फार जोर आला की स्नायू सैल करतो. हे अर्धवट आहे. तो अगदी थोड्या जोरालाही सिग्नल देतो, आणि चालणाऱ्या मांजरात जमिनीवर टेकलेल्या पायात तर त्याचा परिणाम उलटा होतो, म्हणजे वजन आलं की स्नायू सैल होण्याऐवजी अजून जोर लावतो. विचार केला तर बरोबरच आहे, अंगाचा भार ज्या पायावर आहे तोच पाय भार आला म्हणून सैल पडला तर प्राणी कोसळेल.

दुसरी गंमत स्पिंडलची. स्नायू आखडला की त्याच्या आतला स्पिंडल ढिला पडायला हवा, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी सैल पडते तसा, आणि ढिला सेन्सर काय सांगणार? म्हणून स्पिंडलला त्याचे स्वतःचे बारीक स्नायूतंतू असतात आणि त्यांना चालवणारे वेगळे तंतू, गॅमा. स्वीडनच्या लेक्सेलने १९४५ मध्ये या गॅमा तंतूंचं काम दाखवून दिलं. मेंदू मुख्य स्नायूला हुकूम देताना बहुतेक वेळा गॅमालाही देतो, त्यामुळे सेन्सर कायम ताणलेला, जागा राहतो.

पायरी ५: काटा टोचला की दुसरा पाय काय करतो

हा प्रयोग मुद्दाम करू नका, ना स्वतःवर ना प्राण्यावर, फक्त पुढच्या वेळी अनवाणी पायाखाली खडा आला की लक्ष द्या. टोचलेला पाय वर ओढला जातो हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच वेळी दुसरा पाय ताठ होतो कारण सगळा भार आता त्याच्यावर येणार. चार पायांच्या प्राण्यात उरलेल्या तीन पायांमध्ये भाराची वाटणी करावी लागते.

हा पाय ओढण्याचा रिफ्लेक्स मज्जारज्जूतच पूर्ण होतो, मेंदूपर्यंत बातमी जायची गरज नाही. म्हणून पाठीला मार लागलेल्या कुत्र्याचं बोट चिमटलं आणि त्याने पाय ओढला तर "त्याला कळतंय, बरा होईल" असं लगेच समजू नका. आमच्या डॉक्टरांनी बोट दाबताना पायाकडे बघितलंच नाही, ते मोत्याच्या तोंडाकडे बघत होते, तो मान वळवून बघतो का, कुंईकुंई करतो का. दुखणं जाणवतंय याचा पुरावा तिथे असतो. ही एक गोष्ट प्रत्येक प्राणी पाळणाऱ्याला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं, कारण पाय ओढला म्हणून लोक निश्चिंत होतात आणि महत्त्वाचे दिवस निघून जातात.

पायरी ६: डोकं, मान आणि कान

हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरा, त्याच्या रेषांवर नजर ठेवा आणि डोकं नाही नाही म्हणताना हलवतो तसं भराभर हलवा. रेषा स्पष्ट दिसतील. आता डोकं स्थिर ठेवून अंगठा तितक्याच वेगाने हलवा, सगळं पुसट. पहिल्या वेळी कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांनी डोकं वळल्याचं सांगितलं आणि सुमारे १० मिलीसेकंदांत डोळे उलट्या दिशेला वळले. दुसऱ्या वेळी डोळ्यांनी बघून मग पाठलाग करायचा होता, ते काम फार हळू. कोंबडी दोन्ही हातांत अलगद धरून तिचं अंग पुढे-मागे केलं तर डोकं हवेत एका जागी खिळल्यासारखं राहतं, कारण पक्ष्यांचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, ते काम त्यांची मान करते.

मानेचे रिफ्लेक्स मांजरात बघायला सगळ्यात सोपे. आवडीचा खाऊ उंच धरा. मान वर गेली की पुढचे पाय ताठ होतात आणि मागचे किंचित दुमडतात, अंग उडीसाठी तयार. खाऊ कपाटाखाली सरकवा, मान खाली गेली की पुढचे पाय वाकतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथे मॅग्नस या शास्त्रज्ञाने यावर आयुष्य घालवलं आणि १९२४ मध्ये शरीराच्या ठेवणीवर मोठा ग्रंथ लिहिला.

पडणारं मांजर पायांवर कसं येतं याचे फोटो मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ मध्येच काढले होते. आधी डोकं वळतं, मग पुढचा भाग, मग मागचा. कानातलं यंत्र आणि नजर दोन्ही गेली तर मांजराला हे जमत नाही, आणि अगदी लहान पिल्लांनाही जमत नाही, तीन-चार आठवड्यांचं झाल्यावर ते हळूहळू यायला लागतं. कृपा करून मांजर टाकून बघू नका, व्हिडिओ भरपूर आहेत.

पायरी ७: चालताना तोच स्पर्श, उत्तर वेगळं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. आपण शाळेत शिकतो की रिफ्लेक्स म्हणजे ठरलेला धक्का आणि ठरलेलं उत्तर. चालणाऱ्या प्राण्यात तसं नसतं.

आधी चालच कुठून येते ते बघू. ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९११ मध्ये दाखवलं की मेंदूपासून तोडलेला आणि पायांकडून कुठलीही बातमी येत नसलेला मांजराचा मज्जारज्जूसुद्धा पाय आलटून पालटून हलवायचा ताल स्वतः निर्माण करू शकतो. म्हणजे चाल ही एकामागून एक पेटणाऱ्या रिफ्लेक्सची माळ नाही, ताल आतच आहे. रिफ्लेक्स त्या तालाला जमिनीशी जुळवून घेतात. पाय कधी उचलायचा? मांडी मागे पुरेशी ताणली गेली आणि पायावरचा भार हलका झाला की. भार असेपर्यंत पाय उचलला जात नाही. ट्रेडमिलचा वेग वाढवला की मज्जारज्जू तुटलेलं मांजरही मागच्या पायांनी पावलं वेगात टाकतं ते याच बातमीमुळे.

आता अडखळण्याचं बघा. मांजराचा पाय हवेत पुढे जात असताना पंजाच्या वरच्या बाजूला काठीचा स्पर्श झाला तर पाय अजून वर उचलला जातो आणि काठी ओलांडतो. तोच स्पर्श पाय जमिनीवर टेकलेला असताना केला तर पाय वाकत नाही, उलट जास्त ताठ होतो. स्पर्श तोच, जागा तीच. फोर्सबर्ग या स्वीडिश संशोधकाने १९७० च्या दशकात हे नीट मोजलं. काडीकिड्यातही असंच दिसतं, तो निपचित असताना त्याचा पाय वाकवला तर तो विरोध करतो, पण तो हलत असताना तीच बातमी त्याच वळणाला मदत करते. सहा पायांचा किडा आणि चार पायांचं मांजर, दोघांनीही तोच उपाय काढलाय याचं मला अजून नवल वाटतं.

मोत्याचं कोडंही इथेच सुटलं. गुडघ्याच्या टिचकीचा रिफ्लेक्स कमरेच्या मज्जारज्जूत पूर्ण होतो आणि तो भाग शाबूत होता. बिघाड त्याच्या वर, पाठीच्या मधल्या भागात होता, एक चकती सरकून दाब आला होता. मेंदू एरवी हा रिफ्लेक्स लगाम लावून ठेवतो, तो लगाम वाटेतच अडकला, म्हणून पाय जास्त उडाला. आणि पंजा उलटा पडलाय ही बातमी मेंदूपर्यंत जाऊन हुकूम परत यावा लागतो, तो रस्ता अडला होता, म्हणून पंजा उलटाच राहिला.

पायरी ८: आपल्या प्राण्याची तपासणी

महिन्यातून एकदा पाच मिनिटं पुरतात. फरशी घसरडी नको, चटई टाका. आधी बाजूने आणि मग मागून चालतानाचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या, प्राणी नेहमीच्या संथ चालीत हवा, पळताना चुका लपतात. नखं बघा, वरून घासलेली आहेत का, चारही पायांची तुलना करा. मग पोटाखाली हात देऊन अंगाचा थोडा भार स्वतः घ्या आणि एक-एक पंजा हळूच दुमडून ठेवा. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. मांजराला पंजाला हात लावलेला आवडत नाही, ते चिडलं तर सोडून द्या, त्यातून काही निष्कर्ष काढू नका.

हातोडी, चिमटा, टोचणं घरी अजिबात नको. ते डॉक्टरांचं काम आहे आणि त्याचा अर्थ लावायला हात बसलेला लागतो. एक पंजा उशिरा सरळ होतोय, नखं घासली जातायत, वळताना मागचे पाय एकमेकांत अडकतायत, यातलं काहीही दिसलं तर व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण तिथे घाबरलेलं जनावर बऱ्याचदा वेगळंच चालतं. आणि पाय अचानक लुळे पडले असतील तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी जा, पाठ वाकणार नाही अशा बेताने सपाट फळीवर झोपवून न्या.

मोत्याला सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांती आणि औषधं होती. त्या काळात मी रोज तो पंजा दुमडून मोजायचो. तीन आकडे, मग दोन, मग एक म्हणेपर्यंत सरळ. थकला की अजून कधीकधी रात्री एखादा खर्रर्र ऐकू येतो, मग दुसऱ्या दिवशी आम्ही फिरणं कमी करतो.